चार अक्षरांचा गिलावा

नायगावची चाळ रिकामी करायची नोटीस लागली तेव्हा पावसाळा सरत आला होता. मुदत महिनाअखेरपर्यंतची. मजल्यावरच्या वीस बिऱ्हाडांपैकी अकरा गेलीसुद्धा, आणि गेलेल्यांच्या दारांवर कुणीतरी खडूने फुल्या मारून ठेवल्या. हसकेल मास्तर तळकरांची खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून चौथी. दाराच्या चौकटीला बोटभर पितळी नळी तिरपी ठोकलेली होती. तिच्यात प्रार्थनेची चामड्याची गुंडाळी. जाता-येता तिला बोटं लावून ओठांना लावायची, हा घरचा रिवाज. शेजारच्या सुंदराबाईसुद्धा मीठ-मिरची मागायला आल्या की तिला हात लावून आत यायच्या. देव कुणाचाही असो, हात लावायला काय जातंय, असं त्यांचं म्हणणं.

मास्तर काही शाळेतले मास्तर नव्हते. तरुणपण गेलं गिरणीत, फिटर म्हणून. गिरणी बंद पडली त्या वर्षी हाताला काम नव्हतं, म्हणून दर रविवारी आपल्या बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, पोरांना हिब्रू अक्षरं शिकवायला बसले, ते बसलेच. पुढे परळला एका लेथवाल्याकडे काम मिळालं, पण रविवारचा वर्ग सुटला नाही. बेचाळीस वर्षं झाली. एके काळी तीस-बत्तीस पोरं यायची, गॅलरीत चपलांचा ढीग पडायचा. लोक ठाण्याला गेले, तिकडे इस्रायलला गेले, आणि वर्ग आटत गेला. आता उरली होती चार. झिराडकरांची जुळी, माझगावची एक मुलगी, आणि मास्तरांची नात शेगुला.

शेगुला आठ वर्षांची. नाव आजीचं. तिचा बाप रुबेन करोनात गेला. तिची आई कालिंदी कुडाळकडची, हिंदू, परळच्या एका इस्पितळात ईसीजी काढायचं काम करी. लग्नाच्या वेळी दोन्हीकडून चार-चार माणसं रुसली होती. त्यातली काही परत बोलायला लागली, काही नाही. रुबेन गेल्यावर तिच्या भावाने तिला गावाला बोलावलं. ती म्हणाली, "आबांना कोण बघणार?" आणि विषय तिथेच संपला.

शिकवायची मास्तरांची रीत जुनी. पितळी परात, तिच्यात चाळून धुतलेली बारीक रेती. नवं पोर आलं की पहिल्या दिवशी त्याच्या जिभेवर गुळाचा खडा ठेवायचा, मग त्याचं बोट धरून रेतीत आलेफ, पहिलं अक्षर, काढायचं. उजवीकडून डावीकडे. चुकलं की परात हलवायची, रेती सपाट. "रेतीला राग येत नाही," मास्तर म्हणायचे. त्यांनी बेचाळीस वर्षांत एकाही पोरावर हात उचलला नव्हता, आणि हे ते थोडं अभिमानानेच सांगत.

एक मात्र ते पहिल्या महिन्यातच बजावून ठेवत. प्रार्थनेच्या पुस्तकात देवाचं नाव चार अक्षरांत येतं. ती अक्षरं जशीच्या तशी वाचायची नाहीत, बोट खालून सरकवायचं आणि तोंडाने 'अदोनाय' म्हणायचं. आणि लिहायची तर कधीच नाहीत. रेतीत नाही, पाटीवर नाही, वहीत नाही. कारण ते नाव एकदा लिहिलं की पुसता येत नाही. ज्या कागदावर ते असेल तो फाटला तरी रद्दीत जात नाही, माणसासारखा कब्रस्तानात पुरावा लागतो.

"आणि चुकून लिहिलं तर?" शेगूने एकदा विचारलं होतं.

"चुकून कसं लिहाल? चार अक्षरं चुकून होत नाहीत."

नोटिशीनंतरच्या दुसऱ्या रविवारी वर्ग सुटता सुटता अलिझर किहीमकर आला. पन्नाशीचा, भायखळ्याला चष्म्यांचं दुकान, सिनेगॉगचा ट्रस्टी. तोही याच परातीवर शिकलेला. दारातल्या नळीला बोटं लावून तो आत आला, आणि मास्तरांच्या हातात त्याने एक चावी ठेवली.

"मास्तर, सिनेगॉगची मागची खोली तुमची. ट्रस्टींशी बोललोय. फळा आहे, पंखा आहे. चाळ गेली म्हणून वर्ग जायला नको."

 नोटीस लागल्यापासून हीच काळजी मास्तरांना खात होती. संक्रमण शिबिरातली खोली बाराव्या मजल्यावर, लांब. तिथे कोण पोरं पाठवणार? ते म्हणाले, "अलिझर, फार मोठं काम केलंस बाबा."

"फक्त एक आहे." अलिझरने आवाज खाली घेतला, पण दहा बाय बाराच्या खोलीत आवाज खाली घेऊन तो जाणार कुठे. "वर्ग सिनेगॉगचा म्हटला की नोंद होणार. पोरांची नावं लागणार. आता हिचं..." त्याने परातीपाशी बसलेल्या शेगूकडे नुसती मान वळवली. "ज्यू कोण ते आईवरून धरतात, मास्तर. तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

"रुबेनची मुलगी आहे ती."

"रुबेन आपलाच. त्यात काय प्रश्नच नाही. पण दोन जण बोलतील. उगाच वर्गाला दृष्ट नको. घरी शिकवा ना तिला, कोण नको म्हणतंय?"

शेगू परातीतली रेती सपाट करत होती. तिचा हात थांबला.

मास्तरांनी त्या वेळी चावी परत द्यायला हवी होती. निदान दोन शब्द बोलायला हवे होते. ते म्हणाले, "बघू."

चावी त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली. अलिझर गेला. शेगूने परात उचलून कोपऱ्यात ठेवली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. जेवायला बोलावलं तेव्हा आली, जेवली, ताट घासायला टाकलं. कालिंदीची दुपारची पाळी होती. तिला त्या दिवशी यातलं काही कळलं नाही, आणि मास्तरांनी आपणहून सांगितलं नाही.

मंगळवारी भंगारवाला येऊन सागवानी कपाट घेऊन गेला. रुबेनच्या जन्माआधीपासून ते एकाच जागी उभं होतं. ते हललं तशी मागची भिंत दिसली. बाकी खोली धुराने, तेलाने, माणसांनी काळवंडलेली, आणि तेवढा चौकोन लख्ख निळा. मास्तर क्षणभर बघत राहिले. मग आणखी खोकी मिळतात का बघायला वाण्याकडे गेले. शेगूची शाळा सकाळची, ती घरात होती.

अर्ध्या तासाने ते परतले तर निळ्या चौकोनावर, शेगूच्या छातीच्या उंचीवर, चार काळी अक्षरं. खोक्यांवर नंबर घालायच्या जाड पेनने काढलेली. वीतभर उंचीची, एका ओळीत. खाली प्रार्थनेचं पुस्तक उघडं, आणि ती पेनाचं टोपण लावत उभी.

मास्तरांच्या हातातली खोकी खाली पडली. पुढच्या क्षणी त्यांनी तिच्या थोबाडीत मारली.

लेथवर काम केलेला हात. पोरगी भिंतीवर आपटली. रडली नाही. गालावर हात ठेवून ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"सांगितलं होतं ना? सांगितलं होतं की नाही?" ते ओरडले, पण आवाज फाटला.

शेगू म्हणाली, "मला येतं."

एवढंच. नंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. कालिंदी रात्री कामावरून आली, पोरीचा गाल बघितला, भिंत बघितली. शेगूने तिला रविवारचंही सगळं सांगितलं. कालिंदीने स्वयंपाक केला. मास्तरांना वाढताना ती म्हणाली, "आबा, तुम्ही तिला मारलंत त्याचं मी नंतर बघेन. पण तो किहीमकर बोलला तेव्हा तुम्ही गप्प बसलात?"

मास्तरांनी ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अलिझरला बोलावून घेतलं. नियमाच्या गोष्टीत आता त्याचाच शब्द चाले. तो भिंतीपुढे कमरेवर हात ठेवून उभा राहिला. अक्षरं बघून त्याच्या भुवया वर गेल्या. सुंदराबाई दारातून डोकावत होत्या.

"थिनर लावा मास्तर. पाच मिनिटांचं काम."

"नाव आहे ते, अलिझर."

"नाव कोण लिहितं त्यावर असतं ना ते. लिहिणारा जाणता लागतो, मनात धरून लिहिणारा. हे म्हणजे पोरीने भिंत रंगवली. तिच्या हाताचं काय मोजायचं?" आणि मग त्यांचा चेहरा बघून जरा मऊ होत म्हणाला, "नाहीतर राहू दे. महिनाभरात चाळच पडणार. कुणी बघतंय?"

तो गेल्यावर मास्तरांनी खरंच थिनरची बाटली काढली. फडक्यावर ओतलं. वास खोलीभर झाला. हात भिंतीपर्यंत गेला, आणि मागे शेगू उभी आहे हे त्यांना न बघता कळलं. त्यांच्या मनात आलं, हे पुसलं तर रविवारी जे आपण 'बघू' म्हणून अर्धवट सोडलं ते पुरं होईल. तिच्या हाताचं काही मोजायचं नसतं, हे तिला तिच्या आज्याने स्वतःच्या हाताने दाखवल्यासारखं होईल. त्यांना स्वतःची लाज वाटली, इतकी की कान तापले. फडकं त्यांनी मोरीत टाकलं.

मग खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली. आत गिरणीतली हत्यारं तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली. दोन छन्न्या, एक अर्ध्या शेराचा हातोडा, करवतीची पाती. छन्नीची धार त्यांनी अंगठ्याने बघितली आणि उंबऱ्याच्या दगडावर पाणी शिंपडून ती घासायला बसले.

"काय चाललंय आबा?" कालिंदीने विचारलं.

"गिलावा काढणार. एवढाच तुकडा. अख्खा. कब्रस्तानात पुरायचा."

ती भिंतीजवळ गेली, बोटाच्या पेराने ठोकून बघितलं. "ही भिंत आतून काँक्रीट आहे. वरचा गिलावा जुना झालाय. सुटताना नुसता भुगा होईल. अक्षरांचा पण."

"मग?"

कालिंदीने गिलाव्यावरून तळवा फिरवला. मग म्हणाली, "आमच्या गावाला माझा मामा गणपतीच्या शाळेत मूर्ती करायचा. मूर्तीला तडा गेला की मऊ कापड खळीत भिजवून वरून चिकटवायचे. वाळलं की सगळं एकजीव धरतं. खळ पाहिजे फक्त. गव्हाची."

तिघांचीही नजर चुलीशेजारच्या पातेल्याकडे गेली. नवा सण, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, येत्या मंगळवारी होता. सणाला चिकाचा हलवा हवाच, आणि तो सासूने शिकवल्याप्रमाणे दरवर्षी कालिंदीच करायची. तीन दिवस भिजवून, वाटून, कापडातून गाळून काढलेला गव्हाचा चीक पातेल्याच्या तळाशी बसला होता. नारळसुद्धा आणून ठेवलेले.

"तो सणाचा आहे," मास्तर म्हणाले.

"सण होईल हो. गूळ-पोह्यावर होईल."

तिने चीक शिजवून खळ केली. रुबेनचा एक पांढरा सुती सदरा तिने जपून ठेवला होता. पाठीचं कापड तिने कात्रीने कापलं, आणि कापताना तोंड घट्ट मिटून घेतलं. अक्षरांवर कापड ठेवून ती तळव्याने मधून कडेला खळ दाबत गेली. पेनची शाई पाण्याला हलणारी नव्हती. ओल्या कापडातून चारही अक्षरं दिसत होती.

गुरुवारी सकाळी मास्तरांनी पहिला घाव घातला. अक्षरांपासून चार बोटं सोडून चौफेर चर पाडायचा, मग करवतीचं पातं आत सरकवून गिलावा मागून सोडवायचा. सांगायला सोपं. चुन्याचे थर, रंगाचे थर, आणि आत गिट्टी. शहात्तराव्या वर्षी हातोडा दहा घावांत जड व्हायचा. धूळ डोळ्यांत, नाकात, पिठासारखी भुवयांवर. खालच्या मजल्यावरचे दोघे बघून गेले. एक जण म्हणाला, "मास्तर, चाळ पाडायला ते मशीन आणणारेत, तुम्ही कशाला त्रास घेताय?" आणि हसत जिना उतरला. मास्तरांनी घाव मोजायचं सोडलं नाही. वीस झाले की थांबायचं, पाणी प्यायचं.

शेगू शाळेतून येऊन गॅलरीत पाठ करून बसायची. हातोड्याचा आवाज थांबला की मान जरा वळायची, सुरू झाला की परत सरळ.

शुक्रवारी दुपारी त्यांनी हत्यारं पेटीत ठेवली. शब्बाथला, म्हणजे शनिवार संध्याकाळपर्यंत, काम नाही. उजवा खांदा सुजला होता. कालिंदीने मिठाच्या पुरचुंडीने शेकला. दिवा लावताना शेगूने डोक्यावरून ओढणी घेतली, आईबरोबर प्रार्थना म्हटली, आणि आजोबांच्या हाताखाली डोकं धरायची वेळ आली तेव्हा खाली बघत उठून गेली. दर शुक्रवारी ते तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देत. त्यांचा हात तसाच हवेत राहिला.

रविवारी पोरं आली तर मास्तरांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. मग ते पात्याला भिडले. पातं दोनदा मोडलं. बोटं सोलवटली. दुपारी तीनच्या सुमाराला वरची बाजू भिंतीपासून सुटली, आणि सबंध तुकडा एकदम पुढे कलला. कालिंदी खालून पाट धरून होती, तिचा तोल गेला.

"आई!" म्हणत शेगू धावली. तिने दोन्ही तळवे खालच्या कडेला लावले. तिघांनी मिळून तो तुकडा पाटावर उतरवला. दीड फूट लांब, फूटभर उंच, इंचभर जाड. कडेची थोडी पडझड झाली. अक्षरं अख्खी होती.

शेगूने हात झटकले आणि परत गॅलरीत गेली.

कब्रस्तानात फाटकी पुस्तकं पुरायचा दिवस पुढच्या रविवारी होता, दार फाळणीच्या सणाच्या चार दिवस आधी. दार फाळणी म्हणजे घरची दारं लावून घेऊन दिवसभर उपास आणि प्रार्थना. त्याआधी ज्याचं ज्याचं आपण वाईट केलं असेल त्याच्याकडे जाऊन माफी मागायची. माणसाचा केलेला अपराध देव माफ करत नाही, त्या माणसानेच करायचा. नाही म्हटलं तर परत मागायची. तीनदा. हेही मास्तर दरवर्षी पोरांना शिकवत. पोरं मग एकमेकांच्या पेन्सिली परत करत.

पाट कालिंदीच्या साडीत बांधून तिघं टॅक्सीने वरळीला गेली. मास्तरांनी तो मांडीवरच धरला होता. कब्रस्तानात चिखल होता. एका कोपऱ्यात खड्डा तयार, बाजूला पुस्तकांची पोती. अलिझर होता, सिनेगॉगची आणखी चार-पाच माणसं होती. साडीची गाठ सुटली तसे सगळे पुढे सरकले.

"मास्तर," अलिझर म्हणाला, "मी सांगितलं होतं ना, याची गरज नाही."

"सांगितलं होतंस." मास्तरांनी खिशातून चावी काढली आणि त्याच्या हातात ठेवली. "ही ठेव. मी बाराव्या मजल्यावर शिकवेन. लिफ्ट आहे म्हणतात. ज्याला पाठवायचं तो पाठवेल. आणि हे लिहिणारीचं नाव शेगुला रुबेन तळकर. कुणी विचारलं तर सांग, हसकेल मास्तरांनी शिकवलंय."

अलिझरने चावी मुठीत धरली. 

मास्तर शेगूकडे वळले. डावा गुडघा वाकत नव्हता, म्हणून कालिंदीचा हात धरून ते हळूहळू चिखलात टेकले. त्यांचं तोंड आता पोरीच्या तोंडासमोर आलं.

"शेगू, मी तुला मारलं. मला माफ कर."

ती खाली बघत होती.

"तो बोलला तेव्हा मी गप्प बसलो. ते मारण्यापेक्षा वाईट होतं. मला माफ कर."

पाच-सहा मोठी माणसं बघत होती. एक म्हातारा आठ वर्षांच्या पोरीपुढे चिखलात बसलाय, हे त्यांना बघवत नव्हतं. त्यातला एक पुढे येऊन म्हणाला, "अगं बोल ना बाळा, आजोबा आहेत तुझे." कालिंदीने त्याला हाताने थांबवलं.

मास्तरांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. "शेगू. तिसऱ्यांदा मागतोय. मला माफ कर."

शेगूने पाटाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"पण लिहिलेलं बरोबर होतं का?"

मास्तरांना हुंदका आला. इतक्या दिवसांत हे त्यांनी तिला सांगितलंच नव्हतं. भिंतीकडे पहिल्यांदा बघितलं तेव्हाच त्यांना ते दिसलं होतं, थोबाडीत मारायच्या आधी.

"बरोबर होतं. एक रेघ चुकली नव्हती. तुझ्या बापाला आठव्या वर्षी एवढं नीट येत नव्हतं."

"मग माफ," शेगू म्हणाली.

तिने त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उठवायला बघितलं. तिच्याने ते होईना. अलिझर दोन पावलं आला, त्याने दुसरा हात धरला, आणि दोघांनी मिळून त्यांना उभं केलं. मग आधी पुस्तकांची पोती खड्ड्यात गेली, आणि त्यांच्या वर पाट उतरवला. शेगूने ओली माती मुठीत घेतली आणि रुबेनच्या सदऱ्याच्या कापडावर पहिली मूठ तिनेच टाकली.